गाडीचा फिल्टर आणि बहिणीचे सहाशे रुपये

आधीच माफी मागते. माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकतात, आणि अक्षर असं आहे की माझंच लिहिलेलं मला दुसऱ्या दिवशी लावून लावून वाचावं लागतं. चौथी पास झाले तेव्हा धाकटी बहीण सहा महिन्यांची होती. आई निंदणाला जायची, बाबा रेल्वेच्या रुळावर कामाला. पोरीला सांभाळायला घरात कोणीतरी पाहिजे होतं. मास्तर दोनदा घरी येऊन गेले, मग यायचे थांबले. आता माझं लिहिणं म्हणजे माहेरी पाठवायचं पत्र, तेही वर्षाकाठी तीन-चार.

आज वही घ्यायचं कारण परवाचं आहे. घरी पाहुणे आले होते आणि माझ्या नवऱ्यानं त्यांना फिल्टरची गोष्ट सांगितली. पेट्रोल महागलं त्या सुमारास यांनी घरच्या अंगणात, स्वतःच्या हातानं मोटारीचा फिल्टर बदलला आणि गाडीचं ॲव्हरेज कसं एकदम वाढलं, ती गोष्ट. चार-पाच वर्षं झाली, ती अजून जुनी होत नाही. लग्नात सांगतात, मयतीला गेले तर तिथंही सांगतात, एस.टी.ची वाट बघत उभ्या असलेल्या अनोळखी माणसालाही सांगतात. पाहुणे माना डोलवत होते. मी चहा आणून ठेवला आणि आत गेले. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण चुलीपाशी बसून इतकी चडफडले की दूध उतू गेलं ते दिसलं नाही. म्हणून वाटलं, एकदा खरं काय झालं ते लिहून काढावं. कोणाला दाखवायचं नाही.

आम्ही केनवडला राहतो. हे आधी वाशीमला एका जिनवाल्या शेठजींचे ड्रायव्हर होते. दुसऱ्याची गाडी किती दिवस पुसायची, असं त्यांच्या मनात बसलं होतं. तेवढ्यात तिथल्याच एका डॉक्टरांनी आपली जुनी मोटार विकायला काढली. काळी गाडी, मागचं एक दार दोरीनं बांधलेलं, गादीतून काथ्या बाहेर आलेला. यांना ती बघून रात्रभर झोप लागली नाही. ड्रायव्हरकीतली सगळी शिल्लक काढली, सासूबाईंनी दोन बकऱ्या विकल्या, तरी सहाशे रुपये कमी पडले.

ते सहाशे माझ्या बहिणीनं दिले. तीच, जिच्यासाठी मी घरी राहिले होते. तिला मात्र बाबांनी मॅट्रिक केलं. जऊळक्याला, आमच्या माहेरी, शिवणाची मशीन घेऊन ती ब्लाउज-परकर शिवायची आणि पैसे जमवायची. तिला अकोल्याला नर्सच्या कोर्साला जायचं होतं. डिपॉझिट, हॉस्टेल, पांढरे कपडे, सगळ्याचा हिशेब तिनं लावून ठेवला होता. तेच पैसे तिनं माझ्या हातात दिले.

"बाई, घेऊन जाय," ती म्हणाली. "मले जूनलोक लागत नाईत."

हे म्हणाले, "जून कायले? होळीलेच आनून देतो."

होळी झाली, जून झाला. मधल्या काळात पेट्रोलचा भाव असा चढला की पंपावर गेलेली माणसं डबा तसाच घेऊन परत येऊ लागली. गाडी आम्ही सवाऱ्या न्यायला लावली होती, पण भाडं वाढवावं तर सवाऱ्या बैलगाडीनं जात. त्यात आमची मोटार पेट्रोल पिण्यात अट्टल. डॉक्टरांनी विकताना सांगितलं होतं, लिटरला नऊ-दहा किलोमीटर जाईल. ती सहासुद्धा जात नव्हती. दिवसभर गाडी पळायची आणि संध्याकाळी यांच्या खिशात पुढच्या पेट्रोलापुरतेच पैसे असायचे.

बहिणीचं पत्र आलं. "यंदा जमलं नाही तर पुढच्या साली जाईन. जिवाला लावून घेऊ नको." दिवाळीनंतर दुसरं आलं. त्यात होतं की फॉर्मात वयाची अट आहे, पुढच्या वर्षीनंतर तिचा फॉर्म घेणार नाहीत, आणि बाबा म्हणतात, येत्या जूनला गेली नाहीस तर पोरगा बघतो. पैशाचं एक अक्षर नव्हतं. तिनं मागितले असते तर बरं झालं असतं. ते पत्र मी पिठाच्या डब्याखाली ठेवलं आणि भाकरी करायला बसले की ते मला टोचायचं.

मी यांना विचारलं, "तिच्या पैशाचं काय?"

"काढून राह्यलो ना मार्ग," हे म्हणाले. "गाडीले काय दुखून राह्यलं ते समजलं मले. फिल्टर चोक झाला. कचरा अडकला का इंजिनाले जोर लावा लागते, अन् जोर लावला का पेट्रोल जास्त जाते."

"कोन म्हनलं?"

"नाक्यावर ट्रकवाला भेटला. पंजाबी होता."

पंजाबी होता म्हणजे विषय संपला.

दुसऱ्या दिवशी हे अकोल्याला गेले. जायचं-यायचं भाडं, तिथलं जेवण आणि फिल्टरची किंमत मिळून बहिणीच्या पैशांतला पहिला हप्ता झाला असता. संध्याकाळी एक पुडकं घेऊन आले आणि देवाची मूर्ती आणावी तसं दोन्ही हातांनी माझ्याकडं दिलं. आत एक काचेची वाटी आणि बारीक तारेची गोल जाळी. पेट्रोल टाकीतून इंजिनाकडं जाताना या वाटीतून जातं, जाळीत गाळलं जातं आणि कचरा वाटीच्या तळाशी बसतो. हे मला आता पाठ आहे, इतक्यांदा ऐकलं.

"मिस्त्रीकडून बसवून घ्या," मी म्हटलं.

"मिस्त्री पंधरा रुपये घेते. तीन स्क्रूचं काम. रविवारी घरीच करतो."

रविवार उजाडला. यांनी सकाळीच हुकूम सोडला की आज चूल पेटवायची नाही. गाडी अंगणात, चूल ओसरीवर, मधे दहा हातांचं अंतर. पेट्रोलाचा भरवसा नाही. ही एक गोष्ट यांनी शहाणपणाची केली. पण ते सासूबाईंना पटेना.

"काहून रे," त्या म्हणाल्या, "आज उपाशी मारतं काय आमाले?"

"माय, पेट्रोल हाये हे. ठिनगी उडाली तं सारं घर जाईन."

"मंग घरात कायले आनलं?"

"घरात कुठं? अंगनात हाये."

"अंगन काय पाटलाचं हाये?"

तोवर माणसं जमली. आमच्याकडं मोटारीचं बॉनेट उघडलं की वस्तीतल्या सगळ्या पुरुषांना वाटतं आपल्याला काहीतरी समजतं. कोणी म्हणालं टाकी रिकामी करा, कोणी म्हणालं नको. शेवटी रिकामी करायची ठरली. मग पेट्रोल कशात काढायचं? यांनी आत येऊन दूध तापवायचं पातेलं, माझा गंज, उचलला. मी "अवो, तो नोको" म्हणेपर्यंत गंज गाडीखाली गेला होता. पेट्रोल गाळायला फडकं पाहिजे म्हणून दोरीवर वाळत घातलेलं माझं पांढरं पोलकं गेलं. एवढ्या माणसांत मी काय बोलणार? दाराआड उभी राहून दात आवळले.

जुनी जाळी निघाली. सगळे पुढं वाकले.

"पाहा, पाहा, कशी काळी झाली!"

मला ती आमच्या चहाच्या गाळणीपेक्षा स्वच्छ दिसली.

मग नवी वाटी बसवताना कळलं की वाटीच्या तोंडाशी एक गोल वायसर लागतं, आणि जुनं वायसर काढतानाच भुगा होऊन पडलं आहे.

वस्तीच्या तोंडाशी सायकलदुरुस्तीचं दुकान असलेले चाचा तिथं उभे होते. बुचाच्या लाकडाचा तो भुगा त्यांनी बोटावर घेऊन पाहिला. "अरे भाई, ये तो गया. काक का था. नवा आनला नाई काय संगं?"

"दुकानदारानं त्याचे येगळे पैसे सांगतले," हे म्हणाले. "मी म्हनलं, जुनं चालते."

हे ऐकून मी दारावर कपाळ टेकवलं. अकोल्याला जाऊन यायचं, एवढा खर्च करायचा, आणि चार आण्याच्या वायसरापाशी काटकसर सुचायची.

"फिकर नको," चाचा म्हणाले. "ट्यूबचा रबर कापून देतो. सायकल में हवा नहीं निकलती, तो इसमें पेट्रोल क्या निकलेगा?"

सगळ्यांना हे फार पटलं. चाचांनी रबर कापलं, यांनी बसवलं, गंजातलं पेट्रोल परत टाकीत गेलं. पण गाडी नुसती चालू होत नसे. तिची बॅटरी उतरलेली होती, नवी घ्यायला पैसे नव्हते, आणि इंजिन हातानं फिरवायचं हँडल लावायची जागा झिजून गुळगुळीत झाली होती, त्यामुळं हँडल अडकतच नसे. चार माणसांनी ढकललं तरच गाडी सुरू व्हायची. ती माणसं जमलेलीच होती. ढकलली, गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि सुरू झाली. टाळ्या पडल्या. हे माझ्याकडं बघून हसले. मी गंज उचलून आत गेले. राखेनं घासला, चिंचेनं घासला, तीन दिवस उन्हात ठेवला, तरी दुधाला वास यायचा. शेवटी तो गंज सासूबाईंनी कोंबड्यांच्या पाण्याला लावला.

सोमवारी सकाळी गाडीखाली ओल दिसली. चाचांचं रबर पेट्रोलात रात्रभर राहून भिजल्या हरभऱ्यासारखं फुगलं होतं आणि वाटीच्या कडेनं थेंब थेंब पेट्रोल गळत होतं. महागाईचं ते पेट्रोल आमच्या अंगणातली माती पीत होती. पुढच्या रविवारी यांनी जुन्या चपलेचं चामडं कापून बसवलं. पुन्हा चूल बंद, पुन्हा माणसं. ते वाळून आखडलं. तिसऱ्या रविवारी वाशीमहून काकचं खरं वायसर आणलं तेव्हा कुठं गळती थांबली. तीन रविवार आम्ही आदल्या रात्रीच्या शिळ्या भाकरी मिरचीशी खाल्ल्या.

"आता पाहा ॲव्हरेज," हे म्हणाले.

मी पाहतच होते. वाशीमहून पेट्रोल आणायचा एक डबा होता, तो गोठ्यात असायचा. घरातलं तेल, तूर, ज्वारी सगळं माझ्या अंदाजात असतं, तसा हा डबाही होता. रोज सकाळी झाडताना मी त्यात काडी बुडवून बघायची. फिल्टरच्या आधी डबा पाच दिवस पुरायचा. फिल्टरनंतरही पाचव्या दिवशी काडी कोरडी निघाली.

"फरक पडला काय?" चाचा विचारायचे.

"पडला ना!" हे म्हणायचे. "आवाज आयकून समजते."

त्याच सुमारास मला जऊळक्याला जावं लागलं. बहिणीनं कळवलं होतं की फॉर्म आले आहेत. पैसे तर नव्हते. पत्रात ते लिहिण्यापेक्षा तोंडानं सांगावं, असं मला वाटलं. त्या दिवशी हे सवाऱ्या घेऊन जऊळक्याच्या स्टेशनवर जाणार होते. आमच्या घरची गाडी, पण आणली त्या दिवसानंतर मी तिच्यात बसले नव्हते. जागा असली तर ती पैसे देणाऱ्याची. यांनी मला मागं, दोरी बांधलेल्या दाराला चिकटून बसवलं. माझ्या शेजारी लेकीकडं चाललेली एक म्हातारी, तिच्या पलीकडं दोघं, पुढं तिघं.

पहिल्या गावात गाडी थांबली. एकानं रस्त्यावर येऊन हाक मारली, "या ड्रायव्हरसाहेब, चहा टाकला हाये." हे उतरले. गाडी तशीच चालू. मला वाटलं, निरोप देऊन येतील. चांगला वेळ गेला. धूर मागच्या खिडकीतून आत येत होता आणि सीट दाणे दळायच्या जात्यासारखी हलत होती.

पुढच्या गावात पाटलांच्या दारासमोर गाडी उभी राहिली. तिथं तर पाटील ओट्यावर वाटच बघत होते.

"चला, बसा."

"नाई जी, सवाऱ्या हायेत," हे तोंडानं म्हणाले, पण एक पाय ओट्यावर गेलाच होता.

"सवाऱ्या काय पळून जातात? बसू द्या ना."

इंजिन भरभरत होतं. म्हातारीनं पिशवीतून पान काढलं, चुना लावला, तंबाखू चोळली, पान खाल्लं, थुंकली, आणि तरी हे आले नाहीत.

"काय वं बाई," ती मला म्हणाली, "तुया नवऱ्याची सासुरवाडी हाये काय या गावात?"

पुढचे तिघं हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तोंड खिडकीकडं फिरवलं आणि ओट्याकडं बघितलं.

हे खुर्चीवर बसले होते. पाटलांच्या बरोबरीला, तशाच खुर्चीवर. हातात घरातली कपबशी. पाटील काहीतरी विचारत होते, हे सांगत होते, पाटील मान हलवत होते. यांचे वडील याच गावात याच घरी सालदार होते. त्यांना चहा मिळायचा तो गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवलेल्या वेगळ्या कपात, आणि तो कप धुवून परत तिथंच खोचायचा. सासूबाईंनी मला हे सांगितलं होतं, यांनी कधीच नाही. यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि इतक्या सावकाश प्याले की जणू आज दुसरं काम नाही.

मला तिथं बसल्या बसल्या दोन्ही गोष्टी एकदम कळल्या. डबा कुठं रिकामा होतो तेही कळलं, आणि यांना "चहा सोडा" म्हणता येणार नाही हेही कळलं. गाडी बंद केली तर सुरू करायला चार माणसं गोळा करावी लागतील. पाटलांच्या दारात, मालक म्हणून खुर्चीवर बसल्यावर, "ढकलता काय जी?" हे यांच्या तोंडून निघणार नाही. म्हणून गाडी तशीच जळत ठेवायची. आणि तीन रविवार माझी चूल बंद ठेवून फिल्टर बदलायचा! राग इतका आला की डोळ्यांत पाणी आलं. म्हातारीला वाटलं धुरानं आलं.

जऊळक्याला पोचेपर्यंत असे तीन चहा झाले. म्हातारीला गाडी मिळाली ती केवळ आगगाडी उशिरा आली म्हणून.

बहीण मशीनवर होती. मला बघून उठली. "भाऊजीनं घरीच फिल्टर बदलला म्हने! मंग आता काय, इमानावानी उडत असंन गाडी?"

तिनं फॉर्म दाखवला. तिच्या सुंदर अक्षरात सगळा भरलेला होता, फक्त खाली पावतीचा नंबर लिहायची जागा कोरी होती. जून संपायच्या आत पैसे भरायचे होते.

"माह्याजवळ आज कायीच नाई," मी सांगितलं.

"मी मांगतले काय?" ती म्हणाली आणि पुन्हा मशीनवर बसली. पायानं मशीन चालवत होती, पण सुईखाली कापड नव्हतं.

परतीला सवाऱ्या मिळाल्या नाहीत. गाडीत आम्ही दोघंच, मी पुढं. बराच वेळ मी वाक्य मनात जुळवत होते. घरात बोलायला मला अडचण नाही, पण यांना त्यांच्या गाडीबद्दल काही सांगणं म्हणजे वेगळं होतं.

"गाडी उतारावर लावत जा," मी म्हटलं.

"काय?"

"चहाले थांबता तवा. पाटलाच्या गावाअलीकडं नाला हाये, तिथं उतार हाये. तिथं बंद करून ठेवा. येतानी उतारानं सोडली का आपोआप सुरू होते. कोनाले ढकला लागत नाई."

हे म्हणाले, "बह्याड झाली काय? उभ्या गाडीले कितीसं पेट्रोल लागते?"

"मंग भरभर करून काय पिऊन राह्यली होती ते? ताक?"

यांनी गिअर बदलला. गाडी खडखडली.

"चहा घेऊ नका म्हनत नाई मी," मी म्हटलं. "घ्या. दहा घ्या. नाल्यावरून पायी जा अन् घ्या."

"नाल्यावरून पाटलाच्या घरालोक पायी जाऊ?"

"किती लांब हाये?"

"लांबचं नाई वं..." मग रस्त्याकडं बघत म्हणाले, "दारात गाडी दिसली पायजे."

पुढचे दोन दिवस "भाकर" आणि "पानी" एवढेच शब्द घरात झाले. सासूबाईंनी मला विचारलं, "काय बोलली तू त्याले?" मी म्हटलं, "गाडीचं." त्या म्हणाल्या, "मंग बरोबर हाये. बायकोचं बोलली असती तं एवढा फुगला नसता."

त्या आठवड्यात पाचव्या दिवशी मी डब्यात काडी बुडवली, ती चार बोटं ओली निघाली. मी पुसून पुन्हा बुडवली. सहाव्या दिवशी ओली, सातव्या दिवशी ओली. आठव्या दिवशी डबा संपला. हे गोठ्यात येऊन उभे राहिले.

"पाह्यलं?" म्हणाले. "म्हनत होतो ना? नव्या फिल्टरले बसाले टाइम लागते."

मी झाडू हातात धरून त्यांच्याकडं बघितलं. चेहऱ्यावर लाज नाही, हसू नाही, खोटेपणा नाही. त्यांनी ते खरंच मानलं होतं.

काही दिवसांनी चाचांकडून सासूबाईंना बाकीचं समजलं, आणि सासूबाईंकडून मला. पाटलांनी विचारलं होतं म्हणे, आजकाल गाडी नाल्यावर काहून ठेवता? तर यांनी सांगितलं, नवा फिल्टर बसवला आहे, त्यामुळं इंजिन बंद करून थंड ठेवावं लागतं, कंपनीचा तसा नियम आहे. पाटलांना ते इतकं पटलं की एकदा ते स्वतः नाल्यापर्यंत चालत आले, बॉनेट उघडायला लावलं आणि काचेची वाटी बघून गेले. परत जाताना दोघं बोलत बोलत गावात शिरले. सगळ्या गावानं बघितलं. यांना दारात उभ्या गाडीपेक्षा ते जास्त मानवलं असावं, कारण त्यानंतर गाडी उतारावर लावायचं मला कधी सांगावं लागलं नाही. प्रत्येक गावाचा उतार यांना पाठ झाला. आणि जितक्या लोकांनी विचारलं तितक्यांना फिल्टरचं सांगितलं.

मी ठरवलं होतं की एकदा तरी म्हणायचं, "फिल्टरनं नाई, माह्या बोलन्यानं." ते वाक्यही मी जुळवून ठेवलं होतं. पण मी ते म्हणणार होते त्याच संध्याकाळी यांनी खिशातून ऐंशी रुपये काढून माझ्यापुढं ठेवले आणि म्हणाले, "तुया बहिनीचे. जमा कर." मग मी ते वाक्य गिळलं. तेव्हा पैसे जमणं जास्त गरजेचं होतं. आता वाटतं, तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं. आता फार उशीर झाला. आता ती गोष्ट पार दूरच्या इंझोरी गावापर्यंत पोचली आहे. तिथं एका लग्नाला नवरदेव घेऊन गेले होते, तर तिकडच्या एका मोटारवाल्यानं यांनाच विचारलं, फिल्टर घरी बदलणारे केनवडचे ते तुम्हीच काय?

माघ-फाल्गुनात लग्नं लागली. गाडी रोज बाहेर. हे पैसे आणायचे तसे मी बाजूला काढायची. सवाशे, मग दीडशे, मग पुन्हा थोडे कमी, एकदा टायर फाटलं तेव्हा काहीच नाही. हे जऊळक्याला जाताना मी पाकिटात घालून द्यायची आणि पाकीट सुईदोऱ्यानं शिवून टाकायची, म्हणजे वाटेत कुठल्या नव्या भागासाठी यांचा हात आत जायला नको. बहीण उलट चिठ्ठी पाठवायची, "पोचले. टाके फार मजबूत घालतेस."

शेवटचे दीडशे मी स्वतः घेऊन गेले. जूनचा पहिला आठवडा होता. बाबा बाहेर बाजेवर बसले होते, हे त्यांच्याजवळ बसले. मी आत गेले. बहिणीनं मशीन बंद केली. मी पदराच्या गाठीतून नोटा काढून तिच्या मांडीवर ठेवल्या.

"हे किती?"

"दीडशे. मोज."

"तू मोजले असशीन ना?"

"मी चौथी पास आहो. तू मॅट्रिक. मोज."

तिनं मोजले. मग पेटीतून आधीचे काढले, सगळे चटईवर मांडले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. शंभर-शंभरच्या सहा थप्प्या झाल्या. एक नोट फाटकी होती, ती तिनं उजेडाला धरून पाहिली आणि थप्पीत परत ठेवली. मग उठून दारात गेली.

"बाबा," ती म्हणाली, "सोमवारी अकोल्याले जाऊ. फारम भराचा हाये."

बाबांनी विचारलं, "पैशे?"

"झाले. बाईनं सारे देले."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मग त्यांनी तिला सांगितलं की सकाळच्या गाडीनं जाऊ, डबा बांधून घे. सोमवारी ते दोघं अकोल्याला गेले, फॉर्म भरला आणि सहाशेतून डिपॉझिट दिलं. तिचं काहीच देणं आमच्याकडं राहिलं नाही.